हसणारे आणि हसे होणारे

गेल्या हिवाळ्यात आमच्या भोकरदनच्या महाविद्यालयात एका माजी विद्यार्थ्याने आपला बारा मिनिटांचा लघुपट दाखवला. बी. ए.ला माझ्याकडे मराठी शिकून तो पुण्याला चित्रपटाचे शिक्षण घ्यायला गेला. तिथे ‘पात्र आणि विनोद’ हा विषय सरावासाठी मिळाला तेव्हा त्याला आपले गाव आणि आपले महाविद्यालय आठवले, याचे मला कौतुक वाटले होते. कथा अगदी साधी. परीक्षेचा पहिला दिवस. घंटा देणाऱ्या शिपाई मामांचा फक्त आपल्या मनगटावरच्या घड्याळावर विश्वास, आणि ते घड्याळ सात मिनिटे मागे. प्राचार्यांच्या खोलीतले घड्याळ आणि पर्यवेक्षकांचे मोबाइल एका बाजूला, मामा एकटे दुसऱ्या बाजूला. या सात मिनिटांच्या आडोशाने उशिरा येणारा नायक वर्गात शिरतो, एवढेच. कल्पना चांगली होती. आजही ती मला चांगलीच वाटते.

मामांची भूमिका आमच्याच मामांनी केली. अठ्ठावीस वर्षे खरोखर घंटा देणारा माणूस पडद्यावर घंटा देत होता. नायकाच्या भूमिकेसाठी मात्र विद्यार्थ्याने पुण्याहून आपला एक मित्र आणला होता. दिसायला देखणा, कॅमेऱ्याला सरावलेला आणि स्वच्छ पुणेरी बोलणारा. भोकरदन तालुक्यातल्या खेड्यातून येणारा मुलगा असे बोलत नाही, हे दिग्दर्शकाला ठाऊक नव्हते असे नाही. त्याला ते खटकले नाही, इतकेच.

तर लघुपटात एका क्षणी प्राचार्य ओरडतात आणि मामा शांतपणे उत्तर देतात, “टाइम झाल्याबिगर म्या घंटी देत नसतो.” सभागृह हास्याने दणाणले. शिट्ट्याही पडल्या. मी मनाशी वाक्य पुन्हा म्हणून पाहिले. त्यात विनोद नव्हता. एका तत्त्वनिष्ठ माणसाचे ते सरळ विधान होते. मुले हसली ती ‘म्या’ला, ‘झाल्याबिगर’ला. ही मुले कुठली? राजूर, हसनाबाद, पिंपळगाव रेणुकाई या भागांतून एस. टी.ने येणारी. त्यांच्या घरी, त्यांच्या आईच्या तोंडी हाच ‘म्या’ आहे. मागच्या रांगेत उभे असलेले मामाही सर्वांबरोबर हसले.

दुसऱ्या दिवशी मामा परिपत्रकावर सही घ्यायला आले. सही झाल्यावरही उभेच राहिले. मग म्हणाले, “सर, लेकरं कामून हासली? म्या काही येडंवाकडं बोल्लो का?” मी म्हणालो, “नाही मामा, तुमचं काम आवडलं त्यांना.” हे उत्तर खोटे होते, आणि ते खोटे आहे हे आम्हां दोघांनाही कळले होते. हा लेख म्हणजे त्या उत्तराची दुरुस्ती आहे.

लघुपटाला वेळ नसतो. कादंबरीकाराला पात्र उभे करण्यासाठी शंभर पाने मिळतात, कथाकाराला निदान दहा. लघुपटकाराने पात्र पडद्यावर आणले की पहिल्या काही क्षणांतच प्रेक्षक त्याच्याविषयी निम्मे मत बनवून मोकळा होतो. चेहरा, रंग, अंगकाठी, कपडे आणि पहिल्या वाक्याचा हेल. म्हणून लघुपटात नट निवडणे हे नुसते व्यवस्थापनाचे काम नाही, ते लेखनच आहे. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘माणदेशी माणसं’मध्ये जे काम वर्णनाने केले, ते इथे माणूस निवडतानाच होऊन जाते. आणि नेमक्या याच कारणाने लघुपटकाराला साच्याचा मोह होतो. लठ्ठ मुलगा आणला की खादाडपणाचा विनोद आयता मिळतो. काळा, ठेंगणा, तोतरा माणूस आणला की संवाद न लिहिताही हशा पिकतो. प्रेक्षकाच्या मनात जो पूर्वग्रह आधीच तयार आहे, तो पटकथेचा उरलेला भाग लिहून देतो. माझ्या विद्यार्थ्याने मामांना घेतले ते वास्तवासाठी, असे त्याचे म्हणणे. पण नायक पुण्याहून आणताना हा वास्तवाचा आग्रह कुठे गेला होता? एकाच चौकटीत नायकाला प्रमाण भाषा आणि शिपायाला बोली दिली, की कुणाकडे पाहून हसायचे ते प्रेक्षकाला वेगळे सांगावे लागत नाही.

ही वाटणी जुनी आहे. संस्कृत नाटकात राजा संस्कृत बोलतो. स्त्रिया, सेवक आणि विदूषक प्राकृत बोलतात. विदूषक जातीने ब्राह्मण असूनही त्याच्या वाट्याला प्राकृतच येते, कारण त्याच्यावर हसायचे असते. भरताने तर हसण्याचीही उतरंड लावून ठेवली आहे. स्मित आणि हसित उत्तमांचे, विहसित आणि उपहसित मध्यमांचे, अपहसित आणि अतिहसित अधमांचे. पण याच परंपरेत ‘मृच्छकटिक’ही आहे. त्यातला सूत्रधार आरंभी संस्कृतात बोलता बोलता, कामाची निकड सांगून, प्राकृतात उतरतो. त्यातला विदूषक मैत्रेय चारुदत्ताला सांगतो की, संस्कृत म्हणणाऱ्या बाईचे आणि हळू आवाजात गाणाऱ्या पुरुषाचे त्याला हसू येते. बाईविषयीचा त्याचा शेरा आज कुणी डोक्यावर घेणार नाही. पण हसण्याची दिशा इथे उलटी आहे, हे विसरू नये. प्राकृत बोलणारा संस्कृतला हसतो आहे.

हे सगळे भोकरदनमध्ये बसून लिहिताना थोडे गमतीचे वाटते. हे गाव म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावर ज्या दात्यांनी आपली नावे कोरून घेतली, त्यांत भोगवर्धनचे लोक आहेत, आणि ते लेख प्राकृतात आहेत. सातवाहनांच्या राज्यात प्राकृत ही शिपायाची भाषा नव्हती. ती राजाची, व्यापाऱ्याची आणि कवीची भाषा होती. हालाची ‘गाथासप्तशती’ आपण अभ्यासक्रमात नेमतो ती त्याच प्राकृताच्या कौतुकाने. इथल्या उत्खननात हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली आणि तिचे पाँपेईत मिळालेल्या मूर्तीशी साम्य असल्याचे अभ्यासकांनी दाखवले, हे आमची मुले सामान्यज्ञान म्हणून पाठ करतात. ज्या मातीवर दोन हजार वर्षांपूर्वी लोकभाषेला एवढी प्रतिष्ठा होती, तिथल्या सभागृहात ‘म्या’ला हशा पिकतो. असो.

मुलांना दोष देण्याआधी स्वतःकडे पाहायला हवे. ‘मराठवाडी बोली’ हे प्रकरण मी दर वर्षी शिकवतो. फळ्यावर बोलीतल्या शब्दांचा तक्ता काढतो, तिच्या गोडव्याविषयी बोलतो. आणि त्याच तासाला एखाद्या मुलीने “सर, म्या वाचलं नाही” म्हटले की “मी वाचलं नाही, असं म्हणावं” असे तिला सुधारतो. सभागृहातले हसू तिथे शिकवले गेले आहे. महाविद्यालयात येणे म्हणजे घरची भाषा मागे टाकून येणे, हे मुलांनी आमच्याकडूनच ऐकलेले असते. मामांच्या वाक्याला हसताना ती आपण किती पुढे आलो, याची खात्री करून घेत होती.

मग विनोदच करू नये काय? विद्यार्थ्याने मला फोनवर नेमके हेच विचारले, थोड्या रागानेच. “सर, प्रत्येक गोष्टीत अपमान शोधायचा म्हटलं तर कॉमेडी संपलीच.” त्याचा राग मला समजतो. ग्रामीण माणसाला केवळ दुःखी आणि गंभीर दाखवणे हाही एक साचाच आहे, आणि तो अधिक कंटाळवाणा आहे. प्रश्न हसण्याचा नाही, हसण्याच्या दिशेचा आहे. तमाशाच्या वगातला सोंगाड्या अडाणी दिसतो, बोबडे-वाकडे बोलतो, पण त्याच्या प्रत्येक वाक्याने राजाची आणि प्रधानाची अब्रू जाते. वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मधून दादा कोंडके घराघरांत पोहोचले ते याच बळावर. तिथे हसू खालून वर जाते. आमच्या लघुपटात ते वरून खाली आले.

याच दिशेचे एक उदाहरण आमच्या जिल्ह्यातलेच आहे. ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ हे नाटक २०१२मध्ये रंगभूमीवर आले. कल्पना शाहीर संभाजी भगत यांची, लेखन घनसावंगी तालुक्यातल्या जांब समर्थच्या राजकुमार तांगडे यांचे आणि दिग्दर्शन नंदू माधव यांचे. त्यातले बहुतेक नट जालना जिल्ह्यातले, शेतीत वाढलेले. यम शिवाजी महाराजांना न्यायला येतो, पण त्यांचे विचार काही त्याच्या हाती लागत नाहीत. मग जिरेटोप घेऊन तो कुणाच्या डोक्याला बसतो हे शोधत पृथ्वीवर हिंडतो, अशी ही खटपट. नाटक पुण्या-मुंबईच्या नाट्यगृहांत गाजले. प्रेक्षक पोट धरून हसले, पण बोलीला हसले नाहीत, बोलीतून हसले. हा विभक्तीचा फरक आम्ही व्याकरणात शिकवतो, रसविचारात मात्र विसरतो. त्या नाटकात यमाची भाषा आणि मोहल्ल्याची भाषा एकच होती. सगळीच पात्रे जेव्हा ‘म्या’ म्हणतात, तेव्हा ‘म्या’ ऐकून कुणी हसत नाही. काय बोलले गेले ते ऐकावेच लागते.

याच नाटकातल्या कैलाश वाघमारे यांनी पुढे ‘खिसा’ हा लघुपट लिहिला आणि त्यात भूमिकाही केली. दिग्दर्शन राज प्रीतम मोरे यांचे. ६७व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत पदार्पणातील दिग्दर्शनासाठी त्याचा सन्मान झाला. खेड्यातला एक शाळकरी मुलगा आपल्या सदऱ्याला नेहमीपेक्षा मोठा खिसा शिवून घेतो, आणि त्या खिशात त्याचे सारे ऐवज मावतात. विनोदाची ही केवढी साधी जागा! मुलाची इच्छा आणि तिचा आकार, यांतच हसू आहे. त्यासाठी मुलाला बावळट करावे लागत नाही. मोठ्यांना मात्र तो खिसा खुपतो, आणि चित्रपट भलत्याच अंधारात जातो. आपण हसलो ते ज्याच्या बाजूने, त्याच्यावरच संकट येते. त्यामुळे ते संकट आपल्यालाही लागते.

इथे नागराज मंजुळे यांचा विचार टाळता येत नाही. मराठीत एम. ए. केलेला, कविता लिहिणारा एक तरुण तेव्हाच्या अहमदनगरला संज्ञापन शिकायला जातो आणि अभ्यासक्रमाचा भाग म्हणून ‘पिस्तुल्या’ (२००९) करतो. म्हणजे हेही एका विद्यार्थ्याचेच काम. शाळेची ओढ लागलेल्या, पण शाळेबाहेर राहिलेल्या मुलाची ती गोष्ट. भूमिका केली सूरज पवार या मुलाने. ५८व्या राष्ट्रीय पुरस्कारांत पदार्पणासाठी दिग्दर्शकाचा गौरव झाला. याविषयी बरेच लिहिले गेले आहे. मला महत्त्वाचे वाटते ते नंतरचे. हाच सूरज पवार ‘फँड्री’त (२०१३) जब्याचा मित्र पिऱ्या होतो, आणि ‘सैराट’मध्ये (२०१६) प्रिन्स. प्रिन्स म्हणजे आर्चीचा भाऊ, गावच्या पाटलाचा मुलगा, जो वर्गात शिकवत असलेल्या प्राध्यापकाच्या कानशिलात मारतो. शाळेच्या दाराबाहेर ताटकळलेल्या मुलाचा चेहरा सात वर्षांनी वर्गातला सर्वांत मस्तवाल चेहरा झाला.

या निवडीकडे समीक्षेने पुरेसे पाहिलेले नाही, असे मला वाटते. खरा माणूस खऱ्या भूमिकेत घेतला की काम झाले, अशी एक भाबडी समजूत नवशिक्यांत असते. शिपायाला शिपाई करा, हमालाला हमाल करा. पण माणूस जो आहे तेच त्याने आयुष्यभर पडद्यावर करायचे असेल, तर ती वर्णव्यवस्थाच झाली. मंजुळे यांनी सूरजला वंचित मुलाच्या भूमिकेत कायमचे डांबून ठेवले नाही. त्याच्या हाती पाटीलकी दिली, आणि ती त्याने बेमालूम पेलली. सत्ता ही देहात जन्मजात नसते, ती अंगावर चढवता येते, हा विचार कुठल्याही संवादाशिवाय नुसत्या निवडीतून मांडला गेला. आमच्या मामांना प्राचार्य करावे, हे माझ्या विद्यार्थ्याच्या मनात आले असते तर? आमच्या प्राचार्यांना मामा करण्याची सूचना मी करणार नाही. मला अजून काही वर्षे नोकरी करायची आहे.

‘फँड्री’च्या शेवटच्या भागात हसणे हाच विषय होतो. कचरू मान्याचे कुटुंब डुकरे धरायला धावते आहे, आणि शाळेतली मुले, गावातली माणसे कडेला उभी राहून खिदळत आहेत. दृश्य खरोखरच विनोदी आहे. घसरणे, धडपडणे, चुकलेला डाव. हालचालीतल्या यांत्रिकपणाला आपण हसतो, असे बर्गसाँ म्हणाला. ते सारे इथे आहे. प्रेक्षकही हसतो. मी चित्रपटगृहात हसलो होतो, हे कबूल करतो. मग शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येतात, ते कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते आणि समोरचे डुक्कर निसटते. इथेही हसू येते, पण ते घशात अडकते. आणि शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट पडद्याच्या या बाजूला येतो. तो दगड हसणाऱ्यांसाठी आहे. आधी हसवून मग मारलेला हा दगड आहे. आधी हसवले नसते तर तो लागला नसता. सोमनाथ अवघडे या हलगी वाजवणाऱ्या मुलाला जब्या केले, म्हणून त्या रागाला वजन आले हे खरे. पण त्याच्या वडिलांच्या भूमिकेत किशोर कदम आहेत, रंगभूमीवर मुरलेला नट आणि मराठीतला एक कवी. म्हणजे अस्सलपणाचा ठेका हौशी नटांकडेच असतो, असेही नाही. उमेश कुलकर्णी यांनी विद्यार्थिदशेत ‘गिरणी’ केला आणि पुढे ‘वळू’ (२००८). ‘वळू’त कसलेले नट आहेत आणि वळू धरायला आलेल्या सरकारी अधिकाऱ्यापासून गावच्या पुढाऱ्यापर्यंत सगळेच थोडे थोडे हास्यास्पद आहेत. हास्यास्पदतेची वाटणी समान असली की अपमान होत नाही.

हौशी नटाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट बोलायची राहते. ती चित्रपटाच्या अभ्यासक्रमात सहसा येत नाही. चित्रण संपल्यावर त्या माणसाचे काय होते? डी सिकाच्या ‘बायसिकल थीव्ह्ज’मध्ये (१९४८) सायकल गमावलेल्या बेकार बापाची भूमिका लाम्बेर्तो माज्जोरानी या कारखान्यातल्या कामगाराने केली. चित्रपट जगभर गाजला, आणि माज्जोरानीची कारखान्यातली नोकरी गेली. पडद्यावर बेकार झालेला माणूस खरोखर बेकार झाला. आमच्या मामांचे तसे काही झाले नाही. पण त्या प्रदर्शनानंतर पंधरा दिवस मुले व्हरांड्यातून जाता-येता “म्या घंटी देत नसतो” असे ओरडत होती, आणि मामा ऐकू न आल्यासारखे करीत होते. दिग्दर्शक तोवर पुण्याला परतला होता.

माझ्या बोलण्याचा परिणाम म्हणा, पुढच्या महिन्यात त्याने लघुपट नव्याने जुळवून पाठवला. मामांचे ते वाक्य काढून टाकले होते. आता मामा फक्त घंटा देताना दिसत होते. मला बरे वाटले. मामांना माझ्या मोबाइलवर तो दाखवला, तर त्यांचा चेहरा उतरला. “मंग मला काढलंच की, सर. नुसतं घंटी हाणायला म्या कशाला पाह्यजे?” हे माझ्या किंवा दिग्दर्शकाच्या, कुणाच्याच ध्यानात आले नव्हते. एकाने त्यांना हसण्यासाठी वापरले, दुसऱ्याने त्यांना जपण्यासाठी मुके केले. दोघांनीही त्यांना विचारले नव्हते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत विद्यार्थी पुन्हा आला. या वेळी कॅमेरा बॅगेतच राहिला. कार्यालयाबाहेरच्या स्टुलाशेजारी तो मामांबरोबर दोन तास बसला आणि मग धावतच माझ्याकडे आला. मामांचे घड्याळ मागे पडते, हे त्याने विद्यार्थी असताना पाहिले होते; लघुपटातली गंमत त्यावरच रचली होती. आता कळले ते असे की, घड्याळ मागे पडत नाही. मामाच ते मागे ठेवतात. “येष्टी कधी टायमावर येती का? खेड्यावरची लेकरं येष्टीनं येतेत. सात मिन्टं ठिवली त्यांच्यासाठी.” प्राचार्य बदलत गेले, प्रत्येकाने मामांना घड्याळ दुरुस्त करून घ्यायला सांगितले, आणि मामांनी प्रत्येकाला होकार दिला. अठ्ठावीस वर्षे.

पटकथा आता नव्याने लिहिली जात आहे. उशिरा येणाऱ्या मुलाचे काम कुणी करायचे हे अजून ठरलेले नाही. मामांनी आपल्या भाच्याचे नाव सुचवले आहे. तो रोज शेवटच्या एस. टी.ने येतो, म्हणाले.